प्लास्टर होण्याआधी सांग

१२ ऑगस्ट २०२४
जुळे सोलापूर

महेश्वरी,

मायना काय लिहावा यातच बराच वेळ गेला. ‘सौ.’ लिहिलं तर तू पत्र न वाचता फाडशील. ‘कुमारी’ लिहिलं तर टपालवाला हसेल. म्हणून नुसतं नाव लिहिलं. नाव आम्हीच ठेवलंय, त्यावर तरी तुझा राग नसावा. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. कुर्डुवाडी म्हणजे काही लंडन नाही.

परवा पंचमी झाली. गल्लीतल्या सगळ्यांच्या लेकी आल्या होत्या. मी दिंडं केली आणि खायला कोणी नाही म्हणून शेजारी वाटून टाकली. तू सासर सोडून अक्कलकोटहून बॅग घेऊन आलीस आणि अप्पांनी तुला दारातूनच परत पाठवलं, त्याला आता तीन वर्षं झाली. ‘फोन करू नका, मी उचलणार नाही’ म्हणून गेलीस ती गेलीस. शब्दाची पक्की आहेस. अगदी बापावर गेलीस, आणि हे काही मी कौतुकानं लिहीत नाही.

बातमी अशी आहे की अप्पांना गेल्या फाल्गुनात लकवा झाला. घाबरू नकोस, चालतात. डावा पाय ओढतात, डावा हात गळ्यात बांधल्यासारखा राहतो. बोलणं जड झालंय, आणि जे काही बोलतात ते कानडीतच. चाळीस वर्षं पेठेत मराठीत धंदा केला, ते सगळं मराठी एका सकाळी गेलं. मला समजतं म्हणून बरं.

दोनदा न्हाणीघरात घसरून पडले. म्हणून सोमूनं ठरवलंय की घर पुरतं नवं करायचं. तुझा हा अण्णा जर्मनीत बसून रोज नकाशे पाठवतो. मला म्हणतो, “अव्वा, आता घरच अप्पांची काळजी घेईल.” मी म्हटलं, मग मी काय करू? तर हसला.

उत्तर लिहिलंस तर घरच्या पत्त्यावर नको. समोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्या सिद्धप्पाच्या पत्त्यावर पाठव. तो चांगला माणूस आहे, पत्र उघडणार नाही.

तुझी,
अव्वा


३ सप्टेंबर २०२४

महेश्वरी,

सिद्धप्पाकडे रोज विचारते. आता तोच मला बघितलं की लांबूनच मान हलवतो.

घरात तोडफोड सुरू झाली. आम्ही दोघं पुढच्या खोलीत एका पलंगावर आणि एका गॅसवर संसार मांडून बसलोय. भिंतींना अशा खाचा पाडल्यात की घराचं ऑपरेशन चाललंय असं वाटतं. सिद्धाराम म्हणून मोडनिंबचा वायरमन आहे, प्लंबिंगपण तोच बघतो. तो सोमूला मोबाईलमध्ये धरून घरभर फिरवतो. सोमू आतून ओरडतो, “अजून खाली, अजून डावीकडे!” आणि सिद्धाराम भिंतीवर निळ्या खडूनं फुल्या मारतो. मी चहा घेऊन मागे उभी राहते. माझा मुलगा माझ्या घरातून फिरतोय आणि मी त्याला चहापण देऊ शकत नाही.

आता ऐक, सोमूला काय सुचलंय. अप्पांच्या पायांना गार लागतं, म्हणून त्यांच्या न्हाणीघराची फरशी खालून तापणार! तिकडे सगळ्यांकडे असते म्हणे. सोलापुरात, महेश्वरी! इथे चैत्रात अंगणातल्या शहाबादीवर अनवाणी पाय ठेवून बघ म्हणावं. सिद्धाराम पण मला हळूच म्हणाला, “काकू, आयुष्यात पयल्यांदाच बसवतोय बगा. हितं गार कराया मिळंना, आन् दादा तापवाया लागल्यात.” पण फरशीच्या खाली तारा आत्ताच घालाव्या लागतात. नंतर सुचलं तर फरशी फोडावी लागते. गरम पाण्याचं तसंच, दिव्यांचं तसंच, कॅमेऱ्यांचं तसंच. सोमूचं एकच पालुपद, “जे हवं ते प्लास्टर होण्याआधी सांगा.” अप्पांनी सांगितलं, सोमूनं सांगितलं, सुनेनं तिकडून सांगितलं. मला कोणी विचारलं नाही असं नाही. सोमूनं विचारलं, “अव्वा, तुला मिक्सरला पॉइंट कुठे हवा?”

आता जे लिहायचंय ते लिहिते. नकाशात तुझी खोली नाही. म्हणजे खोली आहे, तिच्यावर ‘यंत्रं’ लिहिलंय. बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि सगळ्या घराच्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी तिथे बसणार. मी सोमूला म्हटलं, ती महेश्वरीची खोली आहे. तो म्हणाला, “अव्वा, ती येणार आहे का? येणार असेल तर आत्ता सांग. मग सगळं दुसरीकडे हलवतो, पण आत्ताच.”

मी काय सांगणार? अप्पांसमोर तुझं नाव काढलं तर ते भिंतीकडे तोंड करतात. तू तर उत्तरच देत नाहीस.

म्हणून तुला विचारते. येणार आहेस का? एका दिवसासाठी नाही, राहायला. हो म्हण, मग अप्पांचं काय ते मी बघते. निदान ‘नाही’ तरी लिही. भिंती उघड्या आहेत तोवरच विचारतेय.

अव्वा


६ ऑक्टोबर २०२४

महेश्वरी,

नवरात्र बसलं, तुझं उत्तर नाही. प्लास्टरवाले उद्या येणार.

खोली गेली. पेट्या आल्या आणि तुझ्या खिडकीखाली रचून ठेवल्या. मागचं दारही गेलं. त्या भिंतीवर गरम पाण्याची टाकी बसायची होती आणि दाराची अडचण होत होती, म्हणून विटा लावून बुजवलं. शाळेतून आलीस की त्याच दारातून यायचीस, चपला कुठे भिरकावल्यास ते मलाच शोधावं लागायचं. मी सिद्धारामला म्हटलं, दार राहू दे रे. तो म्हणाला, “म्या काय करू काकू, दादांनी नकाशा फायनल केलाय.” सोमूला म्हटलं, तर तो म्हणतो अप्पांना विचार. अप्पांना विचारलं, तर त्यांनी उजवा हात हलवून ‘सोमूला विचार’ अशी खूण केली. एका दारासाठी तिघांच्या दारात उभी राहिले.

पण एक काम मी केलं. तुझ्या खोलीच्या बाहेरच्या मोरीत गरम पाण्याचा पाइप टाकून घेतला. सोमूला सांगितलं, माझे गुडघे दुखतात, मला तिथे शेकायला पाणी लागतं. गुडघे दुखतात हे खरं आहे. शेकायचं खोटं. थंडीत गार पाण्यानं तुला लगेच सर्दी व्हायची. नळ मात्र बसवला नाही. सोमू म्हणाला नंतर बघू, पाइपला बूच मारून ठेवलंय. असू दे. नंतर कधी लागलं तर भिंत फोडावी लागणार नाही, एवढं तरी झालं.

तू एवढी रागावली आहेस का माझ्यावर? तुला घराबाहेर ठेवलं ते अप्पांनी. नकाशातून काढलं ते सोमूनं. मग मला एक ओळ लिहायला काय हरकत आहे? बसमधून मोहोळला उतरून टपालात टाकलंस तरी चालेल, कुर्डुवाडीचा शिक्का नको असेल तर.

अव्वा


२ जानेवारी २०२५

महेश्वरी,

घर झालं. वास्तुशांत नको म्हणाले अप्पा, स्वामींना बोलावून पाद्यपूजा तेवढी केली. त्यांच्यासमोरच दिवाणखान्यातले दिवे आपोआप मालवले, कारण सगळे शांत बसले होते. माणूस हललं नाही की खोलीत कोणी नाही असं घराला वाटतं. आता मी दुपारी पडले की मध्येच एक हात हलवते. गल्लीतल्या बायकांना वाटतं मी खिडकीतून बोलावते आहे.

पाणी पहाटे आपोआप तापतं. तापायला पाणी असलं तर! नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीनं, ते काही जर्मनीतून चालू होत नाही. परवा हौद कोरडा पडला तर सोमूचाच तिकडून फोन, “अव्वा, टाकीत पाणी नाही.” मी म्हटलं, बाळा, घागर हातात धरून इथेच उभी आहे, मला दिसतंय.

पण खरं सांगू? फरशीचं मी उगाच हसले होते. अप्पा पहिल्यांदा त्या ऊन फरशीवर पाय ठेवून उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वेळ भिंतीला धरून तसेच उभे होते. मला माझीच लाज वाटली. सोमूचं प्रेम आहे बापावर, ते त्यानं फरशीखाली घातलंय. तुझ्यासाठी मी काहीच करू शकले नाही, म्हणून त्याचं आणखी टोचलं.

आता नीट वाच. तेरा तारखेला भोगी आहे. तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी करणार आहे, वांगी, वाटाणा, हरभऱ्याचे घाटे सगळं घालून, तुला आवडते तशी. गड्ड्याच्या यात्रेमुळे गाड्यांना गर्दी असेल, तरी कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं निघालीस तर जेवणाला पोचतेस. अप्पांची काळजी करू नकोस. ते आता कोणाला ढकलून बाहेर काढू शकत नाहीत. तू समोर आलीस की पुढचं माझ्याकडे लागलं. मला एकदा तुला घरात घेऊ दे, मग बघू कोण काढतंय.

मागचं दार नाही हे लक्षात ठेव. पुढून ये. फाटकापाशी काळ्या काचेची घंटी बसवली आहे, ती दाब. मी स्वयंपाकघरातच असेन, तिथून सगळं ऐकू येतं. पहिल्या घंटीला दार उघडते की नाही बघ.

वाट बघते.

अव्वा


१६ जानेवारी २०२५

महेश्वरी,

झालं ना समाधान?

भोगीला मी चार माणसांचा स्वयंपाक करून बसले. दुपार टळली तरी अप्पांना वाढलं नाही, म्हटलं आता येशील, मग येशील. शेवटी ते दोन घास खाऊन उठले आणि मोबाईल घेऊन पलंगावर जाऊन बसले. ताटावरची भाकरी तशीच. मी विचारलं, भाजी बिघडली का? संक्रांतीला यात्रेतले नंदीध्वज बघायलापण आले नाहीत. दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत चालणारा माणूस. मी एकटीच रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि गर्दीत तुझ्या उंचीची पोरगी दिसली की मान वळवत होते.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तीन वर्षं मी तुझी बाजू घेतली, घरात वाईट झाले, आणि तुला एका दिवसाचं तिकीट काढवत नाही? अप्पांनी एकदा दार लावलं, तू सगळी दारं लावून घेतलीस. तुझी खोली गेली तेच बरं झालं म्हणते मी. तिथे बॅटऱ्या तरी कामाला येतात.

तुला काही वाटत नसेल तर मला कशाला वाटावं?

अव्वा


२८ जानेवारी २०२५

माझी महेश्वरी,

आधीचं पत्र फाडून टाक. पोचलं नसेल तर पोचल्यावर फाड, वाचू नकोस. मला माहीत नव्हतं गं. तुझ्या गळ्याची शपथ, मला काहीच माहीत नव्हतं.

काल सिद्धाराम टाकीचं काम बघायला आला होता. जाताना म्हणाला, “काकू, घंटी चालतीय का बगतो,” आणि बाहेर जाऊन त्यानं ती काळी काच दाबली. मी आत ओट्यापाशी उभी. काही वाजलं नाही. मी ओरडून म्हटलं, दाब की! तो म्हणाला, “दाबली की काकू, दोनदा!” तेवढ्यात त्याच्या मोबाईलवर सोमू. “कोण आलंय रे फाटकावर?”

मी सिद्धारामला विचारलं, घरात का वाजली नाही? तर तो म्हणतो, “घरात घंटी कुटं हाय? आप्पास्नी आवाजानं दचकाया व्हतं म्हनून दादांनी आत वायरच टाकू दिली न्हाय. ती वाजती दादांच्या मोबाईलमंदी आन् आप्पांच्या, त्यांचा तर नुस्ता थरथरतोय. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?”

नव्हतं ठाऊक. मला कुणी सांगितलं नाही आणि मला कधी शंकाही आली नाही. आपल्याकडे येणारं प्रत्येक माणूस फाटकातूनच हाक मारतं. दूधवाला मारतो, सिद्धप्पा मारतो, भाजीवाली तर चुलीपर्यंत येते. घंटी कोण दाबणार? जिला हाक मारायची चोरी आहे तीच दाबणार. एवढं माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आणि मीच तुला लिहिलं, घंटी दाब म्हणून.

मी सिद्धारामच्या हातातला मोबाईल घेतला आणि सोमूला विचारलं, भोगीला कोणी आलं होतं का? तो म्हणाला, “अव्वा, मी तुला नंतर फोन करतो.” मी म्हटलं, आत्ता सांग.

मग सांगितलं त्यानं. तू आली होतीस. एकदा दाबलीस, थांबलीस, पुन्हा दाबलीस. त्याला झोपेतून जाग आली, तिकडे नुकतं उजाडत होतं. त्याला तिथूनच फाटक उघडता येत होतं, महेश्वरी, नुसत्या एका बोटानं. पण त्यानं अप्पांना फोन लावला, उघडू का म्हणून. अप्पा म्हणाले, “ब्याड.” नको. मग त्यानं उघडलं नाही. मला सांगितलं नाही, कारण मला त्रास होईल. मी पंधरा पावलांवर भाकऱ्या थापत होते. माझी पोर कुर्डुवाडीहून माझ्या दारात आली आणि घंटी वाजली जर्मनीत.

मी सोमूला म्हटलं, मला दाखव. कॅमेऱ्यात असेल ना? तर म्हणतो, ते आठ दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मी म्हटलं, मग तू सांग, ती कशी दिसत होती? काय घातलं होतं? हातात पिशवी होती का? रडत होती का? तो म्हणाला, “अव्वा, मी झोपेत होतो, एवढं नीट नाही बघितलं.” आणि मग तोच तिकडे रडायला लागला. मी काय करू त्याच्या रडण्याचं? फोन सिद्धारामच्या हातात दिला.

मग मी अप्पांच्या खोलीत गेले. खूप बोलले. आयुष्यात त्यांना कधी बोलले नाही ते सगळं, मराठीत आणि कानडीत, खिडक्या उघड्या होत्या तरी. ते ऐकत राहिले. त्यांना भांडायलापण आता जमत नाही, आणि त्यामुळे मला आणखीच चीड आली. मी म्हटलं, तुम्ही बघितलंत ना तिला? तुम्ही मला एकदा हाक मारायची होती, मी नुसतं बघितलं असतं, दार नसतं उघडलं मी! खोटंच बोलले, उघडलंच असतं.

त्यांनी उशीखालून मोबाईल काढला. मला वाटलं, त्यांच्याकडे असेल. पण त्यातलंही पुसलं गेलं होतं. ते एका बोटानं ती कोरी जागा दाबत होते, परत परत. तेव्हा मला उलगडलं. भोगीपासून आठवडाभर ते मोबाईल छातीशी धरून पडले होते, मला वाटलं प्रवचन ऐकतात. ते तुला बघत होते. एक दिवस सकाळी उठले तर तू त्यातून गेली होतीस, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

मी विचारलं, कशी होती? मोठ्या कष्टानं एक शब्द बोलले. “सोरग्याळ.” सुकली आहे.

एवढंच मला मिळालं. त्यांना आठ दिवस मिळाले, सोमूला एक नजर मिळाली, मला एक शब्द.

मी सोमूला सांगितलं, आत घंटी बसव. तो म्हणाला, लगेच नाही होणार अव्वा, वायर नाही, प्लास्टर फोडावं लागेल, बिनतारी मागवतो, येईल पंधरवड्यात. पंधरवडा कशासाठी थांबू? आणि ती वाजेल याचा तरी काय भरवसा? उद्या अप्पांना त्रास होतो म्हणून तीही बंद करतील. या घरात माझ्या हातात काय आहे हे मला अजून नीट कळलेलं नाही.

तू परत येशील की नाही, माहीत नाही. दोनदा दार न उघडलेल्या घरी मी तरी आले नसते. तुला वाटलं असेल, अव्वानं बोलावलं आणि आतून बघत बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागतो ना, तो तुला दिसला असेल. तसं नव्हतं. एवढं एक तरी खरं मान.

आज सकाळी मी पाट, सूप आणि निवडायची ज्वारी घेऊन फाटकाबाहेर पायरीवर येऊन बसले. हे पत्र इथेच बसून लिहितेय. अप्पांचं जेवण आत झाकून ठेवलंय. सोमूचा दोनदा फोन आला, कॅमेऱ्यात दिसतेस, उन्हात का बसलीस म्हणून. मी म्हटलं, बसू दे.

रोज बसणार आहे. उन्हाळा लागला तरी छत्री घेऊन बसेन. तुला घंटी दाबायची गरज नाही आणि हाक मारायचीही नाही. नुसती गल्लीत वळलीस तरी मी दिसेन.

अव्वा